कोरडं काम

भिंगरीला पोलिसात घेणार नाहीत हे कळलं त्या दिवशी आभाळ भरून आलं होतं आणि मिठागरावर सगळ्यांची धांदल उडाली होती. पावसाचे दिवस नव्हते. पण चार सरी जरी आल्या असत्या तरी वाफ्यांत धरलेलं मीठ जागच्या जागी विरघळलं असतं. म्हणून सकाळपासून बायामाणसं घोट्याइतक्या खाऱ्या पाण्यात उभी राहून लाकडी फावड्यांनी मीठ ओढत होती आणि टोपल्या भरभरून बांधावर ढीग घालत होती. कुणाला मान वर करायला सवड नव्हती.

"दाजी, लेक आली बघा," शेजारच्या वाफ्यातून मेहुणी म्हणाली.

मुक्याने फावड्यावर जोर देऊन कंबर सरळ केली. लांबच्या बांधावरून भिंगरी येत होती. चालत येत होती. ही पोर पाय फुटल्यापासून कधी चालली नव्हती. पाण्याला पळत, दुकानात पळत, शाळेतून पळत. म्हणून तर आईने ठेवलेलं नाव मागे पडलं आणि भिंगरी हेच नाव चिकटलं. भरतीच्या मैदानात ती सगळ्या पोरींच्या पुढे आली होती, आणि आज नेमणुकीचा हुकूम आणायला म्हणून सकाळी घरातून निघाली तीही पळतच निघाली होती.

ती वाफ्याच्या कडेला येऊन उभी राहिली. अंगात मावशीने शिवलेला नवा ड्रेस होता. हातात काही नव्हतं.

"घेत नाहीत," ती म्हणाली.

बापाचं बोलणं मुळातच कमी, उगीच का लोक मुक्या म्हणतात. मेहुणीनेच विचारलं, का म्हणून.

"साखर आहे म्हणून. आणि ती आधी सांगितली नाही म्हणून."

"पण त्यांना कळलं कसं? तपासणीत तर काही निघालं नव्हतं ना?"

भिंगरीने बापाकडे पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. एखादा अनोळखी माणूस रस्त्यात आडवा उभा असावा आणि त्याच्या बाजूने वाट काढायची असावी, तसं पाहिलं.

"आबांनी सांगितलं," ती म्हणाली, आणि कपडे बदलायला घराकडे गेली.

मेहुणीने फावडं खाली टाकलं. मुक्या पुन्हा वाकला आणि मीठ ओढायला लागला. थोड्या वेळाने भिंगरी जुने कपडे घालून आली, आईचं फावडं घेतलं आणि पाण्यात उतरली. उतरताना तिचा डावा पाय जरासा आखडला. टाचेला भेग होती. खारं पाणी भेगेत गेलं की कुणीही कळवळतं, पण मिठागरावर भेगा कुणाला नसतात? बाकीच्यांच्या भेगा चार दिवस पाय कोरडे राहिले की भरून येत. भिंगरीची येत नव्हती.

पाऊस आलाच. फार नाही आला, पण जेवढा आला तेवढा पुरे झाला. ज्यांच्या घरात चार माणसं होती त्यांनी ढीग गवताने झाकले. मुक्याच्या घरात आता दोनच माणसं होती आणि त्यातलं एक दुपारी आलेलं. त्यांच्या अर्ध्या वाफ्यांचं मीठ डोळ्यांदेखत पाणी झालं.

*

हवालदार आला होता तो महिन्याभरापूर्वी. भरतीत निवडलेल्या पोरांच्या घरी जाऊन चौकशी करायची, घरचे लोक कसे आहेत, काही भानगडी नाहीत ना, एवढंच त्याचं काम होतं. भिंगरी तेव्हा घरी नव्हती. पोरांना भरतीची तयारी करून देणारा एक म्हातारा फौजी होता, त्याच्याकडे गेली होती. मुक्या नुकताच पाण्यातून आला होता. पायांवर मिठाचा पांढरा थर तसाच होता.

घरात पाहुणा आला तर काय करायचं हे मुक्याला ठाऊक नव्हतं. त्याच्या घरात येणाऱ्याजाणाऱ्याशी बोलणं हे बायकोचं खातं होतं. मुकादमाशी वाफ्यांवरून भांडायचं तर ती, शाळेत मास्तरला भेटायचं तर ती, दवाखान्यात डॉक्टरला चार प्रश्न जास्त विचारायचे तर तीच. हा तिच्या मागे उभा राहायचा आणि मान हलवायचा. तिनेही कधी त्याला पुढे ढकललं नव्हतं. उलट हसून म्हणायची, "तुम्ही फक्त उभे राहा. उभे राहिलात तरी वजन पडतं." बावीस वर्षं असं निभलं. मग मागच्या हंगामात तिच्या पोटात दुखायला लागलं. हंगाम संपू दे, मग दाखवू, म्हणाली. हंगाम संपला तेव्हा दाखवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

तर त्याने चटई टाकली, स्वतःच चहा ठेवला. डब्यातून साखर काढायला गेला तसा हवालदार म्हणाला, "माझ्यात घालू नका हं. मला साखर आहे."

मुक्याचा हात डब्यावरच राहिला.

बायको गेल्यापासून त्याच्या घरी कुणी माणूस असं निवांत बसलं नव्हतं. मेहुणी यायची ती उभ्याउभ्या. मुकादम दारातूनच ओरडायचा. आणि हा चांगला मोठा माणूस, अंगात वर्दी, मांडी घालून त्याच्या चटईवर बसला होता आणि वर सांगत होता की मलाही तेच आहे. मुक्याला एकदम तो आपल्या घरचाच वाटला.

"आमच्या पोरीलाही आहे," तो म्हणाला.

आणि मग तो जन्मात बोलला नसेल इतका बोलला. पोर दुसरीत असताना कशी सुकत गेली, घागरभर पाणी प्यायची तरी तहान जायची नाही. दवाखान्यात सांगितलं की हिला आयुष्यभर सुई घ्यावी लागेल. तिच्या आईने वांग्याला टोचून टोचून सुई द्यायला शिकून घेतलं, आणि थोड्याच दिवसांत पोरीने आईच्या हातातून सुई काढून घेतली, म्हणाली माझं मी करते. तेव्हापासून एक दिवस चुकला नाही. घरात फ्रिज नाही, तर औषधाची बाटली ठेवायला मोठ्या मडक्यात ओली वाळू आणि वाळूत लहान मडकं, तीही तिचीच युक्ती. पळायला जायच्या आधी बोट टोचून बघणार, आल्यावर बघणार. ओढणीच्या टोकाला साखरेची पुडी बांधलेली असते. "तिला कधीही विचारा," मुक्या म्हणाला, "तिच्या अंगात काय चाललंय ते तिला पक्कं ठाऊक असतं. एवढी नेमाची पोर तुम्हाला वर्दीतही मिळायची नाही."

हवालदार ऐकत होता. मध्ये मध्ये मान हलवत होता. उठून त्याने मडक्यात हात घालून पाहिला आणि "भारी थंड आहे हो" असं म्हणाला. जाताना त्याने मुक्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरीला शिस्त आहे."

मुक्याला वाटलं, हेच तर बघायला आला होता हा. संध्याकाळी भिंगरी आल्यावर त्याने सांगितलं, चौकशीवाले येऊन गेले, भला माणूस होता, मी चांगलं बोललो तुझ्याबद्दल. भिंगरी हसली होती. "तुम्ही बोललात? खरंच?" आणि आईच्या फोटोकडे बघून म्हणाली होती, "ऐकलंस का, आबा बोलले."

त्याआधीच तपासणीच्या डॉक्टरने तिला विचारलं होतं, कुठला जुना आजार आहे का. फौजीने बजावलं होतं तसं ती नाही म्हणाली होती. उंची, छाती, डोळे, गुडघे सगळं ठीक निघालं. लघवी तपासली, तीही त्या दिवशी साफ होती. हे मुक्याला माहीत होतं. पण नाही म्हणून सांगितलेली गोष्ट घरीही नाहीच म्हणायची असते, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. ज्या बाईने शिकवलं असतं ती नव्हती.

*

पावसाने खाल्लेले वाफे पुन्हा धरायचे होते. पाणी सोडायचं, तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उन्हाने पाणी आटायची वाट बघायची, मग वर येणारी पापडी मोडत राहायची. तुडवणं हे सगळ्यात वाईट काम. उघड्या पायांनी चिखलात ताल धरून नाचल्यासारखं तुडवावं लागतं, आणि खालचं जुनं मीठ काचेसारखं लागतं.

आई होती तोवर तिने भिंगरीला पाण्यात उतरू दिलं नव्हतं. दवाखान्यातल्या डॉक्टरने सुरुवातीलाच सांगितलं होतं, या आजारात पाय सांभाळायचे, एकदा जखम चिघळली की बोट जातं, बोटावर थांबलं नाही तर पाय जातो. मिठागरावरच्या बाईला हे सांगायचं म्हणजे कोळ्याला पाण्यापासून लांब राहा म्हणण्यासारखं. पण तिने ऐकलं. ती स्वतःचं आणि पोरीचं असं दोघींचं काम ओढायची आणि भिंगरीला बांधावर ठेवायची. ढीग झाक, गोण्या शीव, कोरडं काम कर. आणि तिनेच पोलिसाचं डोक्यात घातलं. म्हणायची, "पोलिसाला बूट मिळतात. आत मोजे घालून बूट. पाय कसे छान कोरडे राहतील."

आता बांधावर ठेवायला तिसरं माणूस नव्हतं, या हंगामापासून भिंगरीलाही पाण्यात उतरावं लागत होतं. मुकादमाचा नियम होता की वाफे घेणाऱ्या घराने दोन माणसं पाण्यात उतरवली पाहिजेत. गेल्या वर्षी मुक्याने त्याला गळ घातली होती, पोर अर्धा दिवस येईल, भरती होईपर्यंत थांबा, मग मी वाफे सोडतो, तुम्ही कुणालाही द्या. मुकादम थांबला होता. तेव्हा तो भिंगरीला इन्स्पेक्टरबाई म्हणायचा आणि वाटेत दिसली की सलाम ठोकायचा.

तुडवणं चालू असताना एका दुपारी भिंगरी मध्येच थांबली. मुक्याने पाहिलं, तिच्या कपाळावर घाम होता, अंगातली साखर उतरली होती. ती बांधावर जाऊन बसली, ओढणीची गाठ सोडली आणि साखर तोंडात टाकली. त्याला वाटलं जवळ जावं. पण त्या दिवसापासून तो जवळ गेला की ती उठून जायची. म्हणून तो जागच्या जागी पाय उचलत राहिला.

मुकादम बांधावरून येत होता.

"काय इन्स्पेक्टरबाई, ड्युटी संपली का?"

साखर विरघळायला वेळ लागतो, तोवर तिच्याने नीट बोलवत नाही.

"एक माणूस पाण्यात आणि एक बसलेलं. असं कसं चालायचं रे मुक्या?" मुकादम म्हणाला. मग आवाज खाली आणून म्हणाला की पुढच्या हंगामाचं आताच ठरव. दोन माणसं धड देणार असशील तर वाफे ठेव, नाहीतर मालक दुसऱ्याला द्यायला सांगतोय. आणि जाता जाता, "तरी मी सगळ्यांना सांगत होतो, मुक्या बोलत नाही तेच बरं. एकदाच बोलला आणि पोरीची नोकरी घेऊन बसला."

आजूबाजूचे हसले. वाईट मनाने हसले असं नाही. दिवसभर तुडवून वैतागलेले होते, हसायला निमित्त मिळालं. मेहुणी तेवढी हसली नाही. तीसुद्धा मग वाफ्यातून म्हणाली, "दाजी, ताई असती ना, तर चहा पाजून दारातून परत पाठवला असता त्याला."

मुक्याला हे माहीत होतं. तो रोज हेच मनात घोळवत होता.

*

एका सकाळी कुणाला न सांगता तो पोलीस चौकीवर गेला. गेटाजवळच्या पोराएवढ्या शिपायाने विचारलं, काय काम. मुक्याला काम नीट सांगता येईना. तिथे एक बाक होता, त्यावर बसायला सांगितलं. ऊन बाकावर आलं, मग बाकावरून गेलं. आतून लोक येत होते, जात होते. एकाने त्याला हमाल समजून की काय, पाण्याचा जार आत नेऊन ठेवायला लावला. त्याने ठेवला आणि पुन्हा बाकावर येऊन बसला.

हवालदार बाहेर आला तेव्हा त्याने लगेच ओळखलं. लाजला नाही की टाळलं नाही. "चला, चहा घेऊ," म्हणाला, आणि समोरच्या टपरीवर घेऊन गेला. स्वतःसाठी बिनसाखरेचा सांगितला.

"तुमची पोर चांगली आहे हो," तो म्हणाला. "मी लिहिलंय तसं. हुशार आहे, घर सरळ आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"मग साखरेचं का लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून."

मुक्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही म्हणालात मलाही आहे, म्हणून सांगितलं."

हवालदार म्हणाला की त्याचंही काही चाललं नसतं. पोर उद्या बंदोबस्तात चक्कर येऊन पडली असती, हातात बंदूक असती, आणि चौकशीला कोण गेलं होतं म्हणून विचारलं असतं तर? त्याच्या नोकरीची थोडीच वर्षं उरली होती. घरी त्याच्याही पोरी होत्या.

"तुम्हीही सुई घेता?" मुक्याने विचारलं.

"घेतो की. सकाळ-संध्याकाळ. साहेब घेतात, आमच्यातले कितीतरी जण घेतात."

"मग तुम्ही कसे आहात पोलिसात?"

"मला भरतीनंतर झाली," हवालदार म्हणाला. "आत आल्यावर झाली तर चालते. घेऊन आत येता येत नाही."

हे त्याने असं सांगितलं की जणू गाडीत चढल्यावर जागा मिळाली तर बसायचं, एवढी ती साधी गोष्ट होती. पैसे त्यानेच दिले. मग म्हणाला, अजून एक तपासणी मागता येते, मोठ्या दवाखान्यात. तिथले डॉक्टर फिट म्हणाले तर बघू. आणि आत जाऊन त्याने कुणाला तरी सांगून ते करूनही दिलं. माणूस खरंच भला होता. मुक्याला त्याचाच जास्त त्रास झाला. हवालदार हरामखोर निघाला असता तर निदान शिव्या घालता आल्या असत्या.

*

मोठ्या दवाखान्यात दोघं गेली. बसमध्ये भिंगरी खिडकीशी बसली आणि तो मागच्या सीटवर बसला, कारण तिने शेजारच्या जागेवर पिशवी ठेवली होती. पिशवीत औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती. टाचेला तिने पट्टी बांधली होती आणि वरून आईची सैलसर चप्पल घातली होती.

डॉक्टर वयाने मोठे होते, तुटक बोलणारे. त्यांनी भिंगरीचं रक्त काढून घेतलं, डोळ्यांत उजेड पाडून पाहिलं, प्रश्न विचारले. रात्री झोपेत साखर उतरते का. पळताना उतरली तर कसं कळतं. बेशुद्ध कधी पडलीस. भिंगरीने सगळं नीट सांगितलं. बेशुद्ध एकदाच पडली होती, आईला नेलं त्या दिवशी, कारण त्या दिवशी घरात कुणी जेवलं नव्हतं आणि सुई मात्र तिने सवयीने घेतली होती. डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. रक्ताचा निकाल आला तेव्हा ते म्हणाले, "माझ्याकडे येणाऱ्या शिकल्यासवरल्या लोकांची साखर एवढी ताब्यात नसते."

मुक्याला वाटलं, झालं काम. तो दाराशी उभा होता. बायको सांगायची तसा नुसता उभा होता.

मग डॉक्टर म्हणाले, पाय दाखव.

भिंगरीने पट्टी सोडली. टाचेच्या भेगेच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि मधे ओलं लाल दिसत होतं. डॉक्टरांनी वाकून पाहिलं, एका काडीने तळपायाला ठिकठिकाणी टोचून लागतंय का विचारलं. दोन ठिकाणी तिने हो म्हणायला उशीर केला.

"हे कशाने?"

"मिठागरावर काम करते."

"या आजारात? मिठाच्या पाण्यात?" डॉक्टर मुक्याकडे वळले. "तुम्ही बाप ना तिचे? कळत नाही का तुम्हाला?"

मुक्याने मान खाली घातली.

"असे पाय घेऊन पोलिसात कसं घेणार?" डॉक्टर म्हणाले. "दिवसदिवस उभं राहावं लागतं. बूट घालावे लागतात."

मुक्याने ठरवलं होतं की इथे तोंड उघडायचं नाही. बसमध्ये सगळी वाट त्याने तेच ठरवलं होतं. पण आता राहवलं नाही.

"बुटात पाय कोरडे राहतील ना, साहेब," तो म्हणाला. "पाण्यातून काढायचे म्हणून तर बूट पाहिजेत."

डॉक्टरांनी हात धुतले आणि ते पुसत म्हणाले की नियम मी केलेला नाही. सुई घेणाऱ्याला मी फिट म्हणू शकत नाही. एखाद्या वेळी डॉक्टरांच्या वरच्या बोर्डाकडे गेलं असतं, विचार झाला असता, पण पहिल्या तपासणीत हिने नाही म्हणून सांगितलंय. ते आजारापेक्षा वाईट दिसतं. मग आवाज जरा मऊ करून भिंगरीला म्हणाले, "बसून करायचं एखादं काम बघ. पाय जपायला पाहिजेत तुला."

"बसून करायचं काम कोण देतं?" भिंगरीने विचारलं. उद्धटपणे नाही. खरंच विचारलं.

डॉक्टरांनी मलम दिलं, पाय गोड्या पाण्याने धुवायला सांगितलं आणि पुढच्या माणसाला आत बोलावलं.

बाहेर आल्यावर पायरीवर बसून ती पट्टी बांधायला लागली. एका हाताने टोक धरवत नव्हतं. मुक्या खाली बसला आणि त्याने पट्टीचं टोक धरलं. या वेळी ती उठून गेली नाही. गाठ मारून झाली तेव्हा म्हणाली, "फौजी सांगतात, राजधानीत मोठा बोर्ड बसतो. तिथे आपण होऊन जाऊन उभं राहायचं आणि सगळं खरं सांगायचं. मी जाणार आहे."

"जाऊ की. कधी जायचं?"

"तुम्ही नका येऊ."

त्याने मलमाची डबी तिच्या पिशवीत ठेवली.

"तुम्ही बोलता," ती म्हणाली.

आयुष्यभर लोक त्याला मुक्या म्हणत आले होते.

*

ती एकटीच गेली. मेहुणीने डबा करून दिला, मुक्याने बाटलीसाठी नवं फडकं भिजवून दिलं. ते तिने घेतलं. ती नव्हती तेवढे दिवस त्याने दोघांचे वाफे एकट्याने तुडवले. बायको जशी पोरीच्या वाटचं ओढायची तसं ओढायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं की हे किती अवघड होतं, आणि ती ते हसत कशी करत होती हे आपण कधी विचारलं नाही. संध्याकाळी चूल पेटवली तरी समोर बसून काय करायचं ते सुचत नसे. एकदोनदा तो बांधावर उभा राहून बायकोशी मोठ्याने बोलला. पोर गेलीय, म्हणाला. एकटी गेलीय. मग कुणी ऐकलं तर पुन्हा हसतील म्हणून गप्प झाला.

भिंगरी परत आली तेव्हा बांधावरून चालतच आली. टाच टेकवत नव्हती. तिने सांगितलं ते थोडक्यात सांगितलं. बोर्डावर पाच जण होते. तिने पहिलंच वाक्य बोलून टाकलं की मी खोटं सांगितलं होतं. त्यावर एक बाई डॉक्टर म्हणाल्या, का सांगितलंस. ती म्हणाली, खरं सांगितलं असतं तर तुम्ही मला धावूच दिलं नसतं. त्यांनी तिला बाहेर बसवलं, पुन्हा आत बोलावलं, पाय पाहिले, आणि म्हणाले, कळवू.

"कळवू म्हणजे?" मेहुणीने विचारलं.

"कळवू म्हणजे कळवू."

"बरं वाटले का लोक? त्या बाई?"

"माहीत नाही, मावशी. चांगले लोक खूप भेटले. हवालदारही चांगलाच होता."

मुक्याने ताटं वाढली. ती जेवायच्या आधी सुई घ्यायला कोपऱ्यात गेली, आणि तो दुसरीकडे बघत बसला. पूर्वी तो बघायचा. जेवताना तिने विचारलं की खालचे वाफे तुडवून झाले का. झाले, म्हणाला. एकट्याने? हो. तिने मान हलवली. बाकी काही विचारलं नाही. त्या दुपारचं, चहाचं, चटईवर बसलेल्या माणसाचं तिने अजून एकदाही विचारलं नाही, आणि आपण होऊन सांगायचं तर सुरुवात कुठून करायची हे त्याला सुचत नाही. एवढंच सांगायचं आहे की घरात खूप दिवसांनी कुणीतरी बसलं होतं. पण ते सांगून उपयोग काय.

दुसऱ्या दिवशी ती पाण्यात उतरली. त्याने तिच्या पायाला प्लास्टिकची पिशवी बांधून दोरीने आवळून दिली. दुपारपर्यंत पिशवी फाटली. मग दुसरी बांधली.

हंगाम आता संपत आला आहे. ढीग झाकून झालेत, गोण्या शिवणं चालू आहे, ते भिंगरी बांधावर बसून करते. बोर्डाकडून काही आलेलं नाही. फौजी म्हणतो येईल, मेहुणी म्हणते येणार नाही. टाचेची जखम दाखवायला पुन्हा दवाखान्यात न्यायचं आहे. मुकादम काल परत दारात येऊन गेला. पुढच्या हंगामाला वाफे ठेवायचे की सोडायचे, हे त्याला अजून सांगायचं आहे.